एक यंत्र, तीन फायली: पेटंटचे नियम करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पेटंट, अभिकल्प व व्यापारचिन्ह महानियंत्रक,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई
आणि
उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभाग,
वाणिज्य व उद्योग मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

सोसायटीच्या टाकीत क्लोरीन सोडणारं यंत्र आज कुणी नव्याने बनवलं, तर त्यात तीन गोष्टी येतातच: पाण्यावरची प्रक्रिया, ती चालवणारं सर्किट, आणि गच्चीपासून तळटाकीपर्यंत निरोप पोचवणारं छोटंसं वायरलेस जाळं. बनवणारा एक, यंत्र एक, बसतं एकाच भिंतीवर. पेटंट मागायला गेलं की मात्र त्याच्या तीन फायली होतात आणि तिन्ही वेगवेगळ्या कलमांखाली अडकतात.

मुंबई, ठाणे आणि वसईच्या गाळ्यांमधून असली यंत्रं करणारे आणि त्यांचे मसुदे लिहून देणारे असे आम्ही काही जण आहोत. आमच्यामागे कायदा विभाग असलेली कंपनी नाही. १५ मार्च २०२४ ला आलेले सुधारित नियम आम्ही ओळ न ओळ वाचले. त्यांत काही गोष्टी खरोखर चांगल्या झाल्या. पेटंट वापरात आहे का हे सांगणारा फॉर्म २७ दर वर्षी भरायचा, तो आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा झाला. परदेशी अर्जांची माहिती देणाऱ्या फॉर्म ३ ची कटकट कमी झाली. चार किंवा अधिक वर्षांचं नूतनीकरण शुल्क ऑनलाइन आगाऊ भरलं तर १० टक्के सूट मिळते. शोधकर्ता म्हणून प्रमाणपत्रही मागता येतं. भिंतीवर लावायला बरं आहे. पण ज्या जागी एकट्या माणसाचा अर्ज मरतो त्या जागांना कुणी हात लावला नाही, आणि एक मुदत तर उलट आखूड केली.

नुसती तक्रार करून उपयोग नाही, म्हणून एक यंत्र उघडून दाखवतो. हे कुणाचं खरं यंत्र नाही. ते इथे छापल्यामुळे त्याचं नावीन्य संपलं, आता कुणालाच त्याचं पेटंट मिळणार नाही. म्हणून मुद्दाम सोपं उदाहरण घेतलं आहे.

२०,००० लिटरची तळटाकी धरा. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर एका भरण्याला २० ग्रॅम लागतो. बाहेरून हायपोचे, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाचे, कॅन आणायचे नाहीत, मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागेवरच तो तयार करायचा. १ अँपिअर-तास विजेतून हिशेबाने १.३२ ग्रॅम क्लोरीन निघतो. कार्यक्षमता ७० टक्के धरली तर २० ग्रॅमला साधारण २२ अँपिअर-तास, म्हणजे १० अँपिअरचा सेल सव्वादोन तास चालवायचा. मीठ लागतं ६०-७० ग्रॅम, वीज एक दशांश युनिटच्या आसपास. सोबत जवळपास १० लिटर हायड्रोजन सुटतो. त्याला वर जायला उघडी नळी हवी. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि पंपघरात खटके असतात.

हे सगळं पुस्तकी आहे. अडचण पुढे सुरू होते. खड्याच्या मिठात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात त्याहून जास्त. सेलमधल्या दोन पट्ट्यांतून वीज पाण्यात जाते; त्यांतल्या ऋण पट्टीजवळ पाणी अल्कधर्मी होतं आणि तिथे पांढरा थर बसतो. १० अँपिअर कायम ठेवायचे तर सेलचं व्होल्टेज चढत जातं. उपाय जुनाच आहे: विजेची दिशा उलटवायची, म्हणजे थर सुटतो. पण टायटॅनियमच्या पट्टीवर रुथेनियम-इरिडियम ऑक्साईडचं महागडं कोटिंग असतं, आणि दर उलटापालटीत ते झिजतं. दर अर्ध्या तासाला डोळे झाकून उलटवलं तर पट्टी स्वच्छ राहते आणि लवकर मरते. म्हणून गरज असेल तेव्हाच उलटवायचं.

गरज आहे हे ओळखायचं कसं? व्होल्टेज चढलं की थर बसला म्हणावं, तर मिठाचं पाणी पातळ झालं तरी व्होल्टेज चढतंच. खाली बसून दोन्ही सारखंच दिसतं. फरक दिसतो गच्चीवरच्या टाकीत. थर बसला असेल तर करंट तोच असल्यामुळे क्लोरीन जवळपास तेवढाच निघतो आणि वरचा उर्वरित क्लोरीन टिकून असतो. मीठ कमी पडलं असेल तर क्लोरीनच्या जागी ऑक्सिजन निघायला लागतो आणि वरचा आकडा घसरतो. नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, तो तिथपर्यंत पोचत नाही. म्हणजे पट्टी उलटवायची की मीठ घालायचं, हे गच्चीवरून आलेला निरोपच ठरवतो.

तो निरोपही सरळ येत नाही. मध्ये आठ-दहा मजल्यांचे स्लॅब असतात आणि टाकीवर लोखंडी झाकण. रेडिओ लहरींचा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा वापरला तरी जिन्यात मधल्या मजल्यावर एक नोड, म्हणजे निरोप पुढे पाठवणारं उपकरण, ठेवावाच लागतो. शिवाय पंप वॉचमनच्या सवडीने दिवसातून दोनदा चालतो, त्यामुळे गच्चीवरचा आकडा आत्ताच्या पाण्याचा नसून सकाळच्या फेरीचा असतो. म्हणून निरोपावर नुसती वेळ न घालता पंपाच्या कितव्या फेरीचं पाणी आहे तो क्रमांक घालायचा आणि खालच्या नोंदीशी जुळवायचा. मग विजेची दिशा उलटवणारा ब्रिज, म्हणजे मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक खटक्यांचं सर्किट. करंट बंद केला तरी सेल बॅटरीसारखा सुमारे २ व्होल्ट धरून असतो. त्याच क्षणी उलटवलं तर ते २ व्होल्ट सप्लायच्या बाजूने जोडले जातात, करंट उसळतो आणि मॉस्फेट जातो. आधी रेझिस्टरमधून सेल रिकामा करायचा, मग वळवायचं. एका बाजूचे दोन्ही मॉस्फेट क्षणभर जरी एकत्र चालू राहिले, तर सप्लायच शॉर्ट. लॅमिंग्टन रोडवरून कितीही चांगला मॉस्फेट आणा, हा क्रम चुकला की तो टिकत नाही.

आता हे घेऊन आम्ही आपल्या दारात येतो.

अर्जाला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक लागतो आणि त्यानुसार तो गटाकडे जातो. पाण्यावरची प्रक्रिया सी-०२-एफ, रसायन गट. वीज वळवणारं सर्किट एच-०२-एम, वायरलेस जाळं एच-०४-डब्ल्यू, म्हणजे विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स गट. पेटंट कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अर्ज एका परीक्षकाकडे जातो. रसायनाच्या परीक्षकाने ब्रिजचं आणि फेरी-क्रमांकाचं काय करावं? सोपी वाट एकच: कलम १०(५) काढायचं आणि दावे, म्हणजे ज्यांवर हक्क मागितला ते मुद्दे, एकाहून अधिक शोधांचे आहेत असं लिहायचं. पण त्याच कलमात पुढे आहे की एका शोधकल्पनेने बांधलेला शोधांचा गट एका अर्जात चालतो. वरच्या यंत्रात ती गाठ कुठे आहे हे आम्ही दाखवलं. ती दिसायला मात्र दोन्ही विषय कळणारी माणसं एका टेबलाशी बसायला हवीत. युरोपीय पेटंट कार्यालयात परीक्षण विभाग तीन तांत्रिक परीक्षकांचा असतो. आपल्याकडे तीन नकोत, दोन विषयांच्या अर्जाला दोन द्या.

आक्षेप आला की कलम १६ खाली डिव्हिजनल, म्हणजे मूळ अर्जातून तोडलेले वेगळे, अर्ज करावे लागतात. मूळ अर्जाची तारीख मिळते हे खरं. डिव्हिजनलमधला शोध मूळ दाव्यांत नसला तरी तपशीलपत्रात, म्हणजे शोधाच्या लेखी वर्णनात, उघड केलेला असेल तर चालतो, हेही दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आणि २०२४ च्या नियमांत आलं. खर्चाचं बघा. ऑनलाइन अर्जाचे १,६०० आणि परीक्षणाचे ४,००० असे एका व्यक्तीला एका अर्जाचे ५,६००. तीन अर्जांचे १६,८००, तेही ३० पानं आणि १० दाव्यांच्या आत बसलात तर. पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२०. पेटंट मिळाल्यावर तिसऱ्यापासून विसाव्या वर्षापर्यंत नूतनीकरणाचे ७६,८०० होतात, तिघांचे २,३०,४००. कंपनीला हेच पाचपट आहे, त्यामुळे शुल्क जास्त आहे असं आम्ही म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की कलम १६ दोन प्रसंग सांगतं: अर्जदाराने आपणहून अर्ज वेगळा काढला तर, आणि आपल्या कार्यालयाने आक्षेप घेतला म्हणून काढावा लागला तर. दुसऱ्या प्रसंगी परीक्षणाचे ४,००० पुन्हा का? शिवाय खरा खर्च शुल्काचा नाहीच. तीन एफईआर (परीक्षकाचे पहिले आक्षेप-अहवाल), तीन उत्तरं, तीन सुनावण्या, आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला पट्टीवरचा थर समजावून सांगणं, हा तो खर्च आहे.

पैशांपेक्षा मोठी हानी दुसरीच आहे, आणि या पत्राचा मुख्य मुद्दा तोच.

अर्ज तोडले की प्रत्येक तुकड्याचा तांत्रिक परिणाम हरवतो. फेरी-क्रमांकाची पद्धत एकटी फाईल म्हणून समोर आली की ती नुसती आकड्यांची जुळवाजुळव वाटते. कलम ३(के): संगणक प्रोग्राम ‘पर से’ किंवा अल्गोरिदम, म्हणून नाही. तिचा परिणाम काय, तर पट्टीचं कोटिंग वाचतं. पण पट्टी दुसऱ्या फाईलमध्ये आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात १२ डिसेंबर २०१९ ला सांगितलं की तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान असेल तर केवळ संगणक प्रोग्रामवर आधारलेला आहे म्हणून शोध नाकारता येत नाही. तो परिणाम दाखवायची जागाच डिव्हिजनलने काढून घेतली तर निकालाचा उपयोग काय?

ब्रिजची फाईल बघा. मॉस्फेट जुने, रेझिस्टर जुना, म्हणून कलम ३(एफ): ज्ञात साधनांची नुसती मांडणी. या कलमाचं उरलेलं अर्धं वाक्य आक्षेपात क्वचित उतरतं. कायदा म्हणतो, अशी साधनं जी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ज्ञात रीतीने काम करतात. आमचा ब्रिज गच्चीवरच्या निरोपाशिवाय हलत नाही, स्वतंत्र कसला? पण निरोप तिसऱ्या फाईलमध्ये गेल्यावर ब्रिज खरंच एकटा उरतो. आणि पाण्याच्या फाईलवर कलम ३(डी) चा मागचा भाग येतो: ज्ञात प्रक्रियेचा नुसता वापर, नवा पदार्थ निघत नाही, प्रक्रियेत भाग घेणारा नवा पदार्थ (अभिक्रियक) नाही. क्लोरीन तर शंभर वर्षांपूर्वीही क्लोरीनच होता. नवी आहे ती पट्टी कधी उलटवायची याची अक्कल, आणि ती कायद्याने तीन ठिकाणी वाटून टाकली.

म्हणून एकत्वाचा, म्हणजे अर्जात एकाहून अधिक शोध असल्याचा, आक्षेप घ्यायचाच असेल तर तो संपूर्ण एफईआरच्या पोटात न घालता आधी वेगळ्या, छोट्या सूचनेने घ्यावा. पीसीटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांचा करार, त्याखाली आधीचं साहित्य धुंडाळताना हेच होतं: एकत्व नाही असं वाटलं तर हे धुंडाळणारी शोधसंस्था अर्जदाराला आधी कळवते आणि जादा शुल्क भरायला बोलावते, तिथे निषेध नोंदवायची सोयही आहे. अर्जदाराला दोन पानांत गाठ दाखवू द्या. पटलं नाही तर मग तोडा. आणि तोडलंच, तर एका डिव्हिजनलचा तांत्रिक परिणाम दुसऱ्या फाईलमधल्या भागावर दाखवलेला चालेल, एवढी एक ओळ मार्गदर्शक तत्त्वांत घाला.

पुढचा मुद्दा मुदतीचा. परीक्षणाची विनंती करायला अग्रक्रमाच्या, म्हणजे शोधाच्या पहिल्या अर्जाच्या, तारखेपासून ४८ महिने होते, १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ते ३१ झाले. फायली लवकर हलाव्यात हा हेतू कळतो. सर्किट टेबलावर आठवड्याभरात तपासून होतं, जाळं महिन्याभरात. पाणी तसं नाही. मुंबईच्या पाण्याची परीक्षा जून ते सप्टेंबर. तलावात नवा गढूळ लोट येतो, गाळाला आणि सेंद्रिय द्रव्याला क्लोरीन खर्ची पडतो, आणि जानेवारीत अचूक वाटलेली मात्रा जुलैत अपुरी ठरते. दोन वेळच्या पुरवठ्यामध्ये पाइप रिकामे असताना फटीतून आत काय ओढलं जातं तेही पावसाळ्यातच कळतं. कोटिंगचं आयुष्य हजारो तासांत मोजतात, त्याला वर्षं लागतात.

आता कॅलेंडर घ्या. ऑक्टोबर २०२५ ला प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखणारं तात्पुरतं तपशीलपत्र, टाकलं. बारा महिन्यांत पूर्ण तपशीलपत्र द्यायचं, म्हणजे हाताशी एक पावसाळा. ३१ महिने संपतात मे २०२८ ला, तिसरा पाऊस दारात असताना. पूर्वी ऑक्टोबर २०२९ पर्यंत चार पावसाळे मिळत. नियम १३८ खाली सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ मागता येते, पण ती नियंत्रकांनी दिली तर आणि महिन्याच्या हिशेबाने शुल्क भरून. विनंती केलीच नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. घाईने विनंती केली, तर सहा महिन्यांत उत्तर देण्याची टांगती तलवार असलेला एफईआर येतो, आणि कोणता दावा टिकवायचा हे ठरवायला लागणारी माहिती अजून गच्चीवरच्या टाकीत असते. नंतर कळलेलं मूळ अर्जात घालता येत नाही. कलम ५९ नवा मजकूर आत घेऊ देत नाही.

यावर कायद्यातच एक चांगली वाट आहे. सुधारणेसाठी कलम ५४ चं ‘पेटंट ऑफ ॲडिशन’: नूतनीकरण शुल्क वेगळं लागत नाही, मूळ शोधाच्या तुलनेत नवी शोधपायरी दाखवावी लागत नाही, मुदत मात्र मूळ पेटंटबरोबर संपते. पावसाळ्यानंतर मात्रेचं गणित सुधारलं तर ते इथे घालावं. अनेकांना ही सोय माहीतच नसते, आणि कार्यालयाच्या पत्रांतून ती कुणी सुचवत नाही.

चाचणीचंही तसंच. सोसायटीच्या टाकीवर यंत्र बसवलं, दीडशे लोकांनी पाणी प्यायलं, सेक्रेटरीने शेजारच्या सोसायटीला आणून दाखवलं. मग नावीन्य राहिलं का? कलम ३२ म्हणतं की अग्रक्रमाच्या तारखेआधीच्या एका वर्षात, केवळ वाजवी चाचणीसाठी आणि शोधाचं स्वरूपच तसं असल्यामुळे चारचौघांत वापर करणं भाग होतं, तर तो आड येत नाही. वाजवी म्हणजे किती टाक्या, किती महिने? सोसायटीकडून मिठाचे पैसे घेतले तर ती चाचणी राहते की विक्री होते? याचं स्पष्टीकरण नाही म्हणून आम्ही सगळ्यांना एकच सांगतो: आधी प्रोव्हिजनल, मग टाकी, आणि सोसायटीच्या लेटरहेडवर ‘केवळ चाचणीसाठी’ असं पत्र. पण प्रोव्हिजनल आधी टाकलं की तेच बारा महिने धावायला लागतात आणि गाडी पुन्हा एका पावसाळ्याशी येऊन थांबते.

जलद परीक्षणाबद्दल थोडक्यात. फॉर्म १८-ए चे ८,००० भरायला आम्ही तयार आहोत, पण नियम २४-सी च्या यादीत स्टार्टअप आहे, लघुउद्योग आहे, सरकारी खातं आणि सरकारी कंपनी आहे, सरकारी पैशावर चालणारी संस्था आहे, अर्जदारांत एक तरी महिला असेल तर ती आहे. स्टार्टअपची मान्यता नाही, उद्यम नोंदणी नाही असा एकटा पुरुष, त्याने आंतरराष्ट्रीय अर्जात भारताला शोधसंस्था म्हणून निवडलेलं नसेल, तर बाहेर. महिलांची सवलत हवीच, तिच्याबद्दल दुमत नाही. पण ज्याला शुल्काच्या तक्त्यात आपण सगळ्यात कमी दराचा अर्जदार मानता, त्याला रांगेत पुढे जायचा हक्क द्यायला विसरता, हे जुळत नाही. यादीत ‘कोणतीही नैसर्गिक व्यक्ती’ असे शब्द घातले की काम झालं.

शेवटचा मुद्दा भाषेचा. तो भावनेचा समजू नका, तो दाव्याच्या व्याप्तीचा आहे. नियम ९ प्रमाणे कागद हिंदी किंवा इंग्रजीत हवेत. महानियंत्रकांचं कार्यालय मुंबईत, महाराष्ट्रातले अर्ज मुंबईत, आणि मराठीत लिहिलेलं पान तिथे चालत नाही. गाळ्यात काम करणारा फिटर वहीत लिहितो, ‘थर गेला की पट्टी उतरते, थर गेला नाही तरी पट्टी उतरते.’ पहिला थर कोटिंगचा, दुसरा क्षारांचा; ‘उतरते’ म्हणजे निकामी होते. त्याला आणि त्याच्या सोबत्याला हे वाक्य लख्ख कळतं. घाईत इंग्रजी करणाऱ्याने दोन्हीकडे कोटिंग लिहिलं, तर तपशीलपत्र म्हणतं की कोटिंग काढून टाकणं हाच शोध आहे. तारखेच्या दिवशी दाखल झालं ते हे. पुढे दुरुस्ती मागायची तर चूक कागदावरूनच उघड दिसली पाहिजे. मूळ मराठी वही कुणी बघत नाही, कारण ती कधी दाखलच झाली नाही.

दुसरीकडे असं नाही. युरोपीय पेटंट कार्यालयात अर्ज कोणत्याही भाषेत दाखल करता येतो, दोन महिन्यांत भाषांतर दिलं की झालं. अमेरिकेत प्रोव्हिजनल अर्ज इंग्रजीतच हवा असं नाही. म्हणजे म्युनिकला मराठी पान दाखल होऊन तारीख मिळते आणि अँटॉप हिलला मिळत नाही. परीक्षकांनी मराठीत परीक्षण करावं अशी आमची मागणी नाही. तारीख ज्या कागदावर पडते तो कागद बनवणाऱ्याच्या भाषेत असू द्या, एवढंच.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. दोन गटांत पडणाऱ्या अर्जाला दोन्ही गटांतला एकेक परीक्षक आणि एकच संयुक्त अहवाल. एकत्वाचा आक्षेप आधी स्वतंत्र सूचनेने, आणि कार्यालयाच्या आक्षेपामुळे कराव्या लागलेल्या डिव्हिजनलला परीक्षण शुल्क माफ. कलम ३(एफ) लावताना साधनं ‘एकमेकांपासून स्वतंत्रपणे’ कशी चालतात हे परीक्षकाने लिहिणं बंधनकारक. नैसर्गिक व्यक्तींच्या ज्या शोधांना प्रत्यक्ष जागेवर ऋतूभर चाचणी लागते, त्यांना अर्जासोबतच्या घोषणापत्रावर पूर्वीचे ४८ महिने. हे नियमात बसतं, संसदेत जायची गरज नाही. कलम ३२ मधल्या वाजवी चाचणीबद्दल उदाहरणांसह मार्गदर्शन, त्यात सोसायटीची टाकी आणि गावची पाणीयोजना दोन्ही हव्यात. जलद परीक्षणाच्या यादीत सर्व नैसर्गिक व्यक्ती. एफईआरसोबत जाणाऱ्या पत्रात पेटंट ऑफ ॲडिशनबद्दल दोन ओळी. आणि नियम ९ मध्ये दुरुस्ती: प्रोव्हिजनल तपशीलपत्र मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत स्वीकारावं, भाषांतर पूर्ण तपशीलपत्रासोबत बारा महिन्यांत घ्यावं, आणि दोहोंत फरक निघाला तर मूळ भाषेतला मजकूर प्रमाण मानावा.

यातल्या कोणत्या मागण्या नियमबदलाने होतील आणि कोणत्या नुसत्या परिपत्रकाने, याचं कलमवार टिपण आम्ही तयार ठेवलं आहे. आपण वेळ द्याल त्या दिवशी ते घेऊन येऊ, आणि चालणार असेल तर थर बसलेली एक पट्टीही.

आपले,
मुंबई, ठाणे आणि वसई परिसरातले काही स्वतंत्र संशोधक व मसुदा-लेखक